कालव्याकाठची खिडकी आणि चौदा पायऱ्या

प्रश्न : ताई, माझा मुलगा आइंडहोव्हनला नोकरीला असतो. येत्या मे महिन्यात आमच्या लग्नाला ४० वर्षं होतील. त्यासाठी त्याने ॲमस्टरडॅममध्ये कालव्याकाठच्या जुन्या घरातल्या बुटीक हॉटेलात आमच्या दोन रात्री ठरवल्या आहेत. भाडं ऐकल्यापासून यांचं एकच पालुपद, ‘हॉटेलात झोपायलाच तर जायचं!’ त्यात माझे गुडघे दुखतात. एवढा खर्च करावा का? खोली घेताना काय बघावं?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जरूर जा. पण पैसे भरायच्या आधी मुलाला हॉटेलला एक फोन करायला सांगा. मी तो केला नव्हता, आणि त्याचा त्रास माझ्या आईला झाला.

आईच्या पंचाहत्तरीला आम्ही दोघी अशाच एका हॉटेलात उतरलो. लिफ्ट आहे, एवढं वाचून मी निश्चिंत होते. लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर थांबली. आमची खोली त्याच्याही वर, आणि मध्ये चौदा पायऱ्या. जिना शिडीसारखा उभा, पायरीवर अर्धंच पाऊल मावेल इतका. आई एकेक पायरी बसत बसत चढली. मला आजही ते आठवलं की वाईट वाटतं.

यात हॉटेलवाल्यांचाही फार इलाज नसतो. सतराव्या शतकातली ही घरं अरुंद आणि उंच. मोठं सामान जिन्याने नेता येत नाही म्हणून माथ्यावर तुळई आणि आकडा असतो, दोराने वर ओढून खिडकीतून आत घ्यायचं. हा सगळा कालव्यांचा पट्टा २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळे मनाला येईल तशी तोडफोड करता येत नाही. शिवाय मोठी हॉटेलं शेजारशेजारची घरं जोडून झालेली असतात. पुलित्झर हॉटेलात तर अशी २५ घरं आहेत. प्रत्येक घराची जमीन वेगळ्या उंचीवर, म्हणून लिफ्टमधून उतरल्यावरही मध्येच दोन-तीन पायऱ्या लागू शकतात. तेव्हा ‘लिफ्ट आहे का?’ असं विचारू नका. ‘रस्त्यापासून आमच्या पलंगापर्यंत एकूण पायऱ्या किती?’ असं विचारा, आणि उत्तर मेलवर लेखी घ्या.

दुसरं, मजला. माळ्यावरच्या खोल्यांचे फोटो गोड दिसतात, तुळया वगैरे, पण तिरप्या छताला डोकं आपटतं. तळघरवजा खोलीतून रस्त्यावरच्यांचे पाय दिसतात. पहिला मजला मागा. तिथे छत उंच, खिडक्या मोठ्या. मागच्या खोल्या बागेकडे उघडतात, त्या शांत असतात. पण तुम्ही दोनच रात्री राहणार, तर कालव्याकडचीच घ्या.

दुसऱ्या दिवशी जास्तीचे पैसे भरून मी तशी खोली बदलून घेतली. मे महिनाच होता. सकाळी आईने खिडकी वर सरकवली, तर चौकटीत कागदासारख्या पातळ, गोल चकत्यांचा थर साचलेला. मधोमध एकेक बी. तिने एक चिमटीत धरून उजेडासमोर नेली आणि म्हणाली, ‘अगं, ही तर आपली वावळ!’ कालव्याकाठचे एल्म वृक्ष खरंच वावळाच्या कुळातले. वसंतात त्यांच्या बिया बर्फासारख्या उडतात, पाण्यावर तवंग धरतात. खाली एक बोट गेली, तवंग दुभंगला आणि हळूहळू पुन्हा मिटला. आई चहा गार होईपर्यंत तिथेच बसली होती. तुमच्या ह्यांना हे सांगा. भाडं पलंगाचं नसतं, त्या खिडकीचं असतं. म्हणून त्या दोन दिवसांत फिरणं कमी ठेवा. फार तर ॲन फ्रँकचं घर बघा; त्याची तिकिटं ऑनलाइनच मिळतात, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरच्या तारखांची खुली होतात.

हिशेबाचं एक राहिलं. २०२४ पासून ॲमस्टरडॅममध्ये खोलीच्या भाड्यावर १२.५ टक्के पर्यटक कर आहे. दिसणाऱ्या दरात तो धरलाय का, आणि नाश्ता वेगळा आहे का, हे त्याच फोनवर विचारून घ्या. नाश्ता वेगळा असेल तर घेऊ नका. कोपऱ्यावरच्या बेकरीतून पाव आणा आणि खिडकीत बसून खा.