कवीची मैत्री चित्रकारांशी

प्रश्न : अरुण कोलटकरांच्या कवितेवर त्यांच्या चित्रकार मित्रांचा प्रभाव होता असे म्हणतात. तो नेमका कोठे दिसतो? आमच्या वाचक मंडळात एका सदस्यांनी हा धागा थेट मूळच्या गोमंतकीय असलेल्या वासुदेव गायतोंडे यांच्या अमूर्त चित्रांशी जोडला. ते योग्य आहे का? – एक वाचक, फोंडा

उत्तर : प्रभाव निश्चित आहे, मात्र तो शोधण्यासाठी कवितेत चित्रांचे उल्लेख हुडकत बसू नये. कोल्हापूरचे बालमित्र आणि पुढे चित्रकार म्हणून नावाजलेले बाबूराव सडवेलकर यांनीच कोलटकरांना १९४९ मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल केले. कोलटकरांच्या पहिल्या पत्नी दर्शन या चित्रकार बाल छाबडा यांच्या भगिनी, आणि याच छाबडांनी १९५९ मध्ये ‘गॅलरी ५९’ सुरू करून आपल्या पिढीतील चित्रकारांना प्रदर्शनासाठी जागा मिळवून दिली. पोटापाण्यासाठीही कोलटकरांनी जाहिरातक्षेत्रात दृश्यरचनेचेच काम केले.

या सहवासाने त्यांना काय दिले, हे पाहायचे असेल तर ‘जेजुरी’ या त्याच नावाच्या देवस्थानावरील त्यांच्या कवितासंग्रहातील मोडक्या दाराची कविता वाचावी. एकाच बिजागरीवर लोंबणारे ते जड दार, धुळीत घासणारा त्याचा एक कोपरा, उंच उंबऱ्यावर आपटणारा दुसरा, आणि वर कोणीतरी वाळत घातलेली अर्धी चड्डी! भार कोठे पडला आहे, काय कशावर टेकले आहे, हे आधी टिपणारी ही नजर रेखाटनाने घडवलेली आहे. श्रद्धेचा निवाडा ती वाचकावर सोडते. त्याच संग्रहात ज्वारीच्या शेतात उड्या मारणाऱ्या कोंबडे-कोंबड्यांसाठी शब्दच पानभर वरखाली विखुरले आहेत.

गायतोंडे यांच्याशी लावलेला संबंध मात्र मला पटत नाही. गोमंतकीयांना तो जवळचा वाटणे स्वाभाविक आहे, पण गायतोंडे वस्तू रंगात विरघळवून टाकतात, तर कोलटकर वस्तूला अखेरपर्यंत सोडत नाहीत.

कोणी कोणाकडून काय घेतले, याचा हिशेब तर लागणे कठीणच, कारण गीव्ह पटेल यांच्यासारखे मित्र स्वतःच कवी आणि चित्रकार होते. पटेल, कोलटकर, आदिल जस्सावाला आणि अरविंद कृष्ण मेहरोत्रा यांनी मिळून ‘क्लिअरिंग हाऊस’ ही प्रकाशनसंस्था चालवली, आणि तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरांनीच केली. आपल्या मंडळाने ‘जेजुरी’ वाचताना निवडक कवितांच्या संकलनावर न थांबता मूळ पुस्तकच मिळवावे. संकलनात ओळींची मांडणी बदलली, तर कोंबड्यांची ती कविता निम्मी हातची जाते.