एका रात्रीत कान गेला, तो बीपीमुळे का?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यजमान ५२ वर्षांचे. सकाळी उठले तर उजव्या कानाला दडा बसलेला. सर्दीमुळे असेल म्हणून दोन दिवस तसेच गेले, मग ऑडिओमेट्रीत (ऐकण्याच्या तपासणीत) कानाच्या नसेचा दोष निघाला आणि स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या. बीपीची गोळी अधूनमधून राहते, तंबाखू रोजची आहे. त्यामुळेच हे झालं का, आणि आता काय बदलायचं?

ईएनटी दवाखान्यात कान तपासण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्यांचा कान बीपीमुळे गेला की नाही, हे कुणीच छातीठोकपणे सांगू शकणार नाही. अशा अचानक बहिरेपणात सुमारे ९० टक्के लोकांमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. डॉक्टर ‘व्हायरल असेल’ किंवा ‘रक्तपुरवठा कमी पडला असेल’ म्हणतात, तो अंदाज असतो. गायिका अलका याज्ञिक यांनी जून २०२४ मध्ये आपल्या बहिरेपणाबद्दल सांगितलं, तेव्हा कारण व्हायरल असल्याचं म्हटलं होतं. सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या तिशीतल्या लोकांनाही हे होतं. त्यामुळे घरात ‘तरी सांगत होते’ सुरू करू नका, निदान आत्ता तरी.

तरीही रक्तवाहिन्यांवरचा संशय हवेतला नाही. आतल्या कानातल्या शंखाला रक्त पुरवणारी धमनी एकच, तीही बारीक. ती अडली तर दुसऱ्या वाटेने रक्त पोचण्याची सोय जवळपास नाही, आणि तिथल्या पेशींना ऑक्सिजनचा खंड अजिबात सोसत नाही. बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू अशाच बारीक वाहिन्या खराब करतात. असा कान गेलेल्यांमध्ये या गोष्टी जास्त आढळल्याचे अभ्यास आहेत, पण सगळ्यांचे निष्कर्ष जुळत नाहीत. कुठे बीपीचा संबंध दिसतो, कुठे दिसत नाही.

मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग. तैवानमध्ये अशा सुमारे १,४०० रुग्णांची तुलना अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेल्यांशी केली गेली. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, कान गेलेल्यांना पुढच्या पाच वर्षांत पक्षाघात होण्याचं प्रमाण १.६४ पट निघालं. यजमानांना पक्षाघात होणारच, असा याचा अर्थ नाही. पण बीपी असलेल्या, तंबाखू खाणाऱ्या माणसाचा कान गेला, तर त्या निमित्ताने लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची तपासणी), एचबीए१सी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि ईसीजी करून घ्यायलाच हवं. ईएनटीवाले कान बघतात आणि फिजिशियनकडे जायचं राहून जातं, हे मी फार पाहिलंय.

आता कशाला आधी हात घालायचा, तो क्रम. तंबाखू आज सोडली म्हणून कान परत येणार नाही. कानासाठी हे पहिले दोन आठवडे औषधाचे आहेत, गोळ्या सांगितल्या तशाच पूर्ण करा. मात्र स्टिरॉइडने साखर आणि बीपी दोन्ही चढतात. गोळी सकाळी घेतली की साखर दुपारी जेवणानंतर आणि संध्याकाळी वाढते, उपाशीपोटीची नॉर्मल दिसू शकते. म्हणून नुसत्या फास्टिंगवर विसंबू नका. साखर आटोक्याबाहेर जात असेल तर कानाच्या पडद्यातून आत इंजेक्शन देता येतं. गोळ्यांनी फरक पडला नाही तरी दोन ते सहा आठवड्यांच्या मुदतीत तो उपाय असतो, तेव्हा स्वतःहून विचारा. एमआरआय सांगितला तर घाबरू नका. नसेवर गाठ नाही ना, एवढं बघायचं असतं. अशी गाठ थोड्याच जणांत निघते, आणि ती कॅन्सरची नसते.

चक्कर येऊन त्यासोबत दोन-दोन दिसणं, तोंड वाकडं होणं, बोबडी वळणं किंवा तोल जाणं यांपैकी काहीही झालं, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.

तंबाखूबद्दल एक. ‘ओढत नाही, नुसती मळतो’ हे मी रोज ऐकत आले. निकोटीन चुन्याबरोबर गेलं तरी वाहिन्या आकसवतंच. मिश्री लावणाऱ्या बायकाही यातच आल्या, त्या तर तिला तंबाखू समजतच नाहीत. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ ही सरकारी मोफत क्विटलाइन आहे. बीपीची गोळी रोज ठरल्या वेळी द्या, पण राहिलेली भरून काढायला दोन एकदम देऊ नका. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक चमचा. पापड, लोणचं, फरसाण त्यातच मोजायचं. मोठ्याने घोरत असतील आणि मध्येच श्वास अडकत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. शाकाहारी असाल तर बी१२ तपासा. कानाशी त्याचा संबंध कच्चा आहे, पण कमतरता असेल तर ती भरून काढलेली बरी. ताणाबद्दल सगळे बोलतात, ठोस पुरावा मला तरी दिसलेला नाही.

लसूण कढवलेलं तेल कानात घालायला कुणी सांगेल. दोष पडद्याच्या पलीकडे आहे, तेल तिथे पोचत नाही आणि पडद्याला भोक असेल तर त्रास वाढतो. रक्त पातळ व्हावं म्हणून मनाने ॲस्पिरिनही नको. जास्त मात्रेत तिनेच कानात आवाज येतो.

वाचणाऱ्या इतरांसाठी: एक कान अचानक बंद झाला तर तोंड मिटून ‘म्म्म’ असा सूर धरा. सूर बंद कानात घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर नसेचा संशय, त्याच दिवशी ईएनटी गाठा. ही घरगुती चाचणी आहे, खात्री ऑडिओमेट्रीनेच.

बरं होण्याचं म्हणाल तर उपचाराविनाही एक तृतीयांश ते दोन तृतीयांश लोकांचं ऐकणं काही प्रमाणात परत येतं. चक्कर नसेल आणि दोष फार तीव्र नसेल तर शक्यता जास्त. पुढची ऑडिओमेट्री झाली की फ्रिक्वेन्सीनुसार (आवाजाच्या प्रत्येक पट्टीला) डेसिबलचे आकडे इथे टाका, आधीच्या रिपोर्टचेही. नुसतं ‘४० टक्के बहिरेपण’ यावरून मला काही सांगता येणार नाही.