बीए अर्थशास्त्र की बी.कॉम.? खानापूरच्या मुलीच्या प्रश्नाला उत्तर

पीयूसी (म्हणजे अकरावी-बारावी) आर्ट्समधून झाली, अर्थशास्त्र आवडतं, पण बाबा म्हणतात बी.कॉम. घे, बीए करून घरी बसशील. असं लिहिलंयस.

बाबांची धास्ती खोटी नाही गं. नुसत्या बीएच्या कागदावर बेळगावात कुणी नोकरी देत नाही. पण बँकेच्या पीओ (अधिकारी) आणि क्लार्क परीक्षांना कुठलीही पदवी चालते, म्हणजे तिथे बी.कॉम.वालीही तुझ्याच रांगेत. टॅलीवर हिशेब ठेवायचं आणि जीएसटीचं काम हवं असेल तर मात्र सरळ बी.कॉम. कर.

अर्थशास्त्राची खरी कमाई एमएनंतर. इंडियन इकॉनॉमिक सर्व्हिसला आणि रिझर्व्ह बँकेच्या संशोधन विभागातल्या अधिकारीपदाला पदव्युत्तर पदवी लागतेच. कर्नाटकात 2024-25 पासून पदवी पुन्हा तीन वर्षांची झाली, तेव्हा पाच वर्षांचा हिशेब धर आणि तो घरी आत्ताच सांग. एमएला पुण्याची गोखले संस्था आहे, 1930 ची; मुंबईची इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था रिझर्व्ह बँकेने काढलेली. आयआयटीच्या एमएस्सी प्रवेशाच्या जॅम परीक्षेतही 2021 पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे. या वाटांवर गणित आडवं येतं. आर्ट्सची मुलं अडतात ती इथेच, हुशारी कमी पडते म्हणून नाही. पहिल्या वर्षापासून कॅलक्युलस आणि स्टॅटिस्टिक्स धर, सोबत एक्सेल. बेंगळुरूच्या डेटाच्या नोकऱ्यांनाही हेच लागतं.

विषय आवडतो की नुसते मार्क पडतात, हे बघायचं तर उसाचं बिल घेऊन बस. 2025-26 साठी केंद्राचा एफआरपी, म्हणजे कारखान्याने उसाला द्यायचा किमान दर, क्विंटलला 355 रुपये, पण तो 10.25 टक्के उताऱ्याला, म्हणजे शंभर किलो उसातून सव्वादहा किलो साखर निघाली तर. उतारा वाढला की दर वाढतो. मग त्यातून तोडणी-वाहतूक वजा होते. उतारा मोजतो कारखानाच. तोडलेला ऊस चार दिवस पडला की साखर उतरते, म्हणून शेतकऱ्याला 'दर पटला नाही, परत नेतो' म्हणता येत नाही. मोजकेच खरेदीदार असलेल्या बाजारात विकणारा का दबतो, हा धडा पुस्तकात रुक्ष वाटतो. अथणी-चिकोडीकडे तो प्रत्येक हंगामात रस्त्यावर येतो. हे वाचताना पुढचं विचारावंसं वाटलं तर विषय तुझा आहे.

कन्नड मात्र लिहिता-वाचता येऊ दे. सीमाप्रश्नावर घरी काय बोलायचं ते बोला, पण ग्रामीण बँकेत स्थानिक भाषा बघतात आणि केपीएससीत, म्हणजे कर्नाटक लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत, कन्नडचा पेपर सुटत नाही.

बेळगावातलं आरपीडी कॉलेज बघ, लिंगराज बघ, कुठेही जा. फी भरायच्या आधी ऑफिसात एवढं विचार की अर्थशास्त्राच्या जोडीला गणित किंवा स्टॅटिस्टिक्स घेता येतं का. नाही म्हणाले तर क्लास लावायचे पैसे बाबांकडून आधीच कबूल करून घे.