बर्फाचं मशीन घेताय? आधी घरात पाणी कुठलं येतं ते बघा

उन्हाळा लागला की फ्रीज-एसीची पत्रं येतातच, पण यंदा बर्फाच्या मशीनबद्दल एवढ्या जणांनी विचारलंय की या वेळचं सदर पूर्ण त्यालाच देऊन टाकलं. बहुतेकांना कंपनी आणि मॉडेल हवंय. मी मात्र पाण्यावरच जास्त बोलणारे, कारण घरगुती बर्फाच्या मशीनच्या तक्रारी बघितल्या तर फिरून फिरून पाणी, हवा आणि साफसफाई इथेच येतात, कंपनीचा नंबर नंतर.

प्रश्न : ताई नमस्कार. आमचा फ्लॅट घोडबंदर रोडला, बिल्डिंगमधला सगळ्यात वरचा मजला. किचनचं काम काढलंय आणि ओट्याखाली बसणारं, काचेसारखा बर्फ करणारं मशीन घ्यायचं मिस्टरांच्या डोक्यात बसलंय. सुतार म्हणतो प्लायच्या बॉक्समध्ये बसवून दार लावून टाकू, दिसायला छान. प्लंबर म्हणतो आरओच्या नळीला टी मारून कनेक्शन देतो, अर्ध्या तासाचं काम. सोसायटीत पाणी निम्मं टँकरचं असतं. कोणाचं ऐकू? — कासारवडवली, ठाणे

उत्तर : दोघांचंही नका ऐकू, निदान आत्ता लगेच नको.

आधी सुताराचं. बर्फ करताना पाण्यातून काढलेली उष्णता मशीनला बाहेर फेकायला लागते, ती कोंडली तर कॉम्प्रेसर तापतो, बर्फ कमी होतो आणि बिल वाढतं. ओट्याखाली बसवायचं तर समोरच्या जाळीतून गरम हवा सोडणारं मशीनच लागतं, आणि त्याच्यासमोर प्लायचं दार लावलं की सगळं मुसळ केरात. मागून किंवा बाजूने हवा सोडणारं मॉडेल बॉक्समध्ये बसवूच नका. किती मोकळी जागा सोडायची ते मशीनच्या पुस्तिकेत असतं, ते पान सुताराच्या हातात द्या आणि त्यानंतरच त्याला माप घेऊ द्या.

आता प्लंबर. भिंतीवरच्या साध्या आरओच्या टाकीतलं पाणी नुसत्या उतारावर येतं, त्याला दाब जवळजवळ नसतोच. मशीनच्या तोंडाशी जो विजेवर उघडणारा व्हॉल्व्ह असतो त्याला ठराविक दाब लागतो, बऱ्याच मॉडेलना १ बारच्या आसपास किंवा त्याहून जास्त. टी मारली की पहिल्या दिवशी थेंब थेंब पाणी जाईल, बर्फाच्या पातळ चकत्या पडतील आणि मग तुम्ही कंपनीला फोन कराल. नळाचंही तेच, गच्चीतली टाकी नळापासून १० मीटर वर असेल तर १ बार दाब मिळतो, तुमच्या वरच्या मजल्यावर टाकी ३-४ मीटरच वर असणार म्हणजे जेमतेम ०.३-०.४ बार. तेव्हा प्रेशर स्विचवाला छोटा बूस्टर पंप लावा, किंवा सिंकखाली बसणारा, दाबाची टाकी असलेला आरओ घ्या. (खालच्या मजल्यावरच्यांचं उलटं असतं, उंच टॉवरमध्ये दाब जास्त निघाला तर कमी करायचा व्हॉल्व्ह लागतो.)

टँकरचं पाणी हा मात्र खरा मुद्दा. भातसाचं किंवा नवी मुंबईत मोरब्याचं पाणी धरणाचं असल्याने बऱ्यापैकी मऊ असतं, टँकरचं बोअरवेलचं असू शकतं आणि आज एक उद्या दुसरं. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकात टीडीएस (पाण्यात विरघळलेले सगळे क्षार) ५०० आणि कठीणपणा (त्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) २०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगला धरतात, पण तुम्हाला प्यायला जे चालतं ते मशीनला चालेलच असं नाही. एकदा टँकर आल्याच्या दिवशीचं पाणी लॅबमध्ये तपासून घ्या आणि कठीणपणाचा आकडा मुद्दाम मागा, नुसता टीडीएस मीटर तो सांगत नाही. कॅल्शियमचा थर गार प्लेटवर बसला की बर्फ प्लेटला चिकटून बसतो, सुटतच नाही. आरओने तो त्रास बराच कमी होतो, फक्त काही मशीनमध्ये बर्फाची जाडी पाण्यातून वीज वाहते का यावर मोजतात, त्यांना अगदीच कमी टीडीएसचं पाणी चालत नाही, हे घेण्याआधी विचारा.

आणि जे दोघंही बोलले नाहीत ते म्हणजे ड्रेन. पारदर्शक बर्फाचं मशीन गार प्लेटवरून पाणी फिरवत राहतं, शुद्ध पाणी आधी गोठतं आणि क्षार उरलेल्या पाण्यात राहतात, ते पाणी दर फेरीला सोडून द्यावं लागतं. म्हणजे नहाणी ट्रॅपपर्यंत उतार हवा, नसेल तर ड्रेन पंपवालं मॉडेल. पाइपचं टोक ट्रॅपमध्ये खुपसू नका, वर थोडं मोकळं लटकतं ठेवा, नाहीतर गटाराचं तुंबलेलं पाणी आणि झुरळं दोन्ही त्याच वाटेने वर येतात. मशीनसाठी वेगळा अँगल कॉक, शक्यतो हाताला येईल असा. आणि सगळं झाल्यावर पहिल्या दोन-तीन फेऱ्यांचा बर्फ झाडांना टाका.

प्रश्न : ओट्यावर ठेवायचं छोटं मशीन ऑनलाइन मागवलं. दिवसाला १२ किलो असं बॉक्सवर मोठ्या अक्षरात लिहिलंय, आमच्याकडे त्याच्या निम्मा पण होत नाही. पहिले बर्फ तर नखाएवढे येतात. परत करू का? आणि लाइट बिल किती येईल? — नेरूळ

उत्तर : परत करायची घाई नको. तो १२ किलोचा आकडा गार खोली, गार पाणी आणि मशीन अख्खे २४ तास चालू असं धरून असतो, वर कोणीतरी टोपली रिकामी करत राहिलं पाहिजे कारण टोपली भरली की सेन्सर मशीन थांबवतो. नेरूळच्या मे महिन्यातल्या किचनमध्ये यातलं काहीच नसतं.

थोडं गणित सांगते. १ किलो पाणी ३५ अंशांवरून ० वर आणायला साधारण १४७ किलोज्यूल उष्णता काढावी लागते आणि मग त्याचा बर्फ करायला आणखी ३३४. तेच पाणी फ्रीजमधल्या बाटलीचं १० अंशांचं असेल तर १४७ च्या जागी ४२ लागतात, म्हणजे मशीनचं एकूण पाचव्या हिश्श्याहून जास्त काम वाचलं. गच्चीतल्या टाकीचं दुपारचं पाणी थेट ओतू नका एवढंच. पहिल्या दोन-तीन फेऱ्या बारीक येतात त्या पाणी अजून कोमट असतं म्हणून, पुढे न गोठता उरलेलं गार पाणी टाकीत फिरत राहतं आणि बर्फ भरतो.

मशीन गॅसच्या शेगडीपासून लांब आणि चारी बाजूंनी १०-१५ सेंटिमीटर मोकळं ठेवा. कुरिअरवाल्याने आडवं टाकून आणलं होतं का? तसं असेल तर उभं करून दिवसभर तसंच ठेवायचं आणि मगच चालू करायचं, कॉम्प्रेसरमधलं तेल पाइपात गेलेलं असतं ते खाली उतरायला वेळ लागतो.

बिलाचं टेन्शन नको. १२० वॉटचं मशीन २४ तास सलग चाललं तरी २.९ युनिट, आणि तुम्ही काही ते रात्रंदिवस चालवणार नाही. अर्थिंग असलेला ६ अँपियरचा प्लग पुरतो, फक्त मिक्सर आणि हे एकाच एक्स्टेन्शनवर नको. लाइट गेली आणि आली तर ३-४ मिनिटं थांबून चालू करा.

प्रश्न : रात्री टोपली भरून बर्फ ठेवला, सकाळी पाणी. मशीन खराब आहे ना? — खारघर

उत्तर : नाही. छोटं मशीन बर्फ करतं, साठवत नाही, त्याची टोपली गार केलेली नसते. झाला की पिशवीत भरून फ्रीजरमध्ये टाका.

प्रश्न : ताई, बर्फाला ओल्या फडक्यासारखा वास येतोय आणि टाकीच्या कोपऱ्यात गुलाबी बुळबुळीत थर दिसला. पाणी तर आरओचंच घालतो. सासूबाई म्हणतात बर्फात जंतू मरतात, काही होत नाही. — ऐरोली

उत्तर : सासूबाईंना माझा नमस्कार सांगा, पण बर्फात जंतू मरत नाहीत, बरेचसे नुसते थांबतात आणि सरबतात पुन्हा जागे होतात. तो गुलाबी थर जंतूंचाच आहे, हवेतून येतात आणि साचलेल्या पाण्यावर वाढतात. आरओमध्ये क्लोरिनही निघून जातं, त्यामुळे आरओचं पाणी टाकीत दोन दिवस राहिलं तर उलट लवकर बुळबुळतं. म्हणून नियम एकच ठेवा, दिवसाचं काम झालं की खालचं बूच काढून टाकी रिकामी करायची आणि झाकण उघडं ठेवून सुकवायचं. हे रोज केलं तर बाकीची अर्धी साफसफाई लागतच नाही.

आत्ता मात्र नीट धुवायला लागेल. मशीन बंद, प्लग काढलेला, टोपली आणि फावडं भांड्याच्या साबणाने, टाकी मऊ फडक्याने. मग १ लिटर कोमट पाण्यात दोन चमचे लिंबूसत्त्व, तेच आपण ढोकळ्यात घालतो ते, विरघळवून टाकीत घाला. क्लीनचं बटण असेल तर ते दाबा, नसेल तर एक-दोन फेऱ्या बर्फ करू द्या आणि तो बर्फ फेका. ज्यांच्यावर बर्फ धरतो ते गार दांडे ज्या पाण्यात बुडतात तिथला पांढरा थर याने सुटतो. नंतर साध्या पाण्याने तीनदा धुवा, आणि त्याचा एक बर्फ चाखून बघा, आंबट लागला तर अजून एकदा. तारेच्या घासणीने दांडे घासू नका, वरचा मुलामा गेला की तिथेच जास्त क्षार धरतात. टॉयलेट क्लीनर तर चुकूनही नको. आणि ब्लीच आणि ॲसिड एकत्र कधीच करू नका, त्यातून क्लोरिन वायू सुटतो, बंद किचनमध्ये ते जिवावर बेततं.

धरणाचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा पुरे, टँकरवाल्यांनी पंधरा दिवसांनी करा. मागच्या जाळीवरची धूळ पण त्याच दिवशी ब्रशने काढा, आपल्याकडे फोडणीचा तेलकटपणा आणि बाहेरच्या बांधकामाची धूळ मिळून जो थर होतो तो नुसत्या फुंकरीने जात नाही.

प्रश्न : पाणी भरलेलं असताना पाणी संपल्याचा लाल दिवा लागतो आणि मशीन थांबतं. — कळवा

उत्तर : टाकीच्या तळाशी जाळी असते ती आधी बघा, गाळ अडकला असेल. मग तरंगणारा गोळा किंवा मॅग्नेट क्षारामुळे अडकलाय का ते बोटाने हलवून बघा. दोन्ही ठीक असेल तर पंपात हवा अडकली असेल, पाणी पूर्ण काढून परत भरा. आणि टोपली रिकामी असताना भरल्याचा दिवा लागत असेल तर मशीन खिडकीच्या उन्हातून हलवा, सेन्सर इन्फ्रारेडचा असतो, थेट उन्हात आणि वाफेत तो गोंधळतो.

प्रश्न : आमचं मशीन दोन वर्षांचं. आवाज येतो, पंखा फिरतो, बर्फच नाही. मेकॅनिक म्हणाला गॅस भरायला लागेल, लगेच भरतो. — कोपरखैरणे

उत्तर : "लगेच" हाच शब्द खटकला मला. गॅस वापरून संपत नाही, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय, ती जागा शोधून बुजवल्याशिवाय भरला तर थोड्या दिवसांनी परत तेच. त्याला विचारा गळती कुठे सापडली. बऱ्याच छोट्या मशीनमध्ये आर-६००ए असतो, तो पेट घेणारा वायू आहे, भरायचा तोही वजन करून, अगदी मोजक्या ग्रॅममध्ये, आणि बंद किचनमध्ये पेटत्या शेगडीशेजारी तर नाहीच. तुमच्या भागात खाडी आणि नाले जवळ आहेत, तिथल्या वायूंत हायड्रोजन सल्फाइड असतं आणि त्याने तांब्याचे पाइप खराब होतात, एसीवाल्यांना हे रोजचं आहे. मशीन खाडीकडच्या खिडकीत ठेवलं असेल तर जागा बदला. दुरुस्तीचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर मी तरी दुरुस्त करणार नाही.

प्रश्न : आमचा बर्फ पांढरा का होतो? हॉटेलात काचेसारखा असतो. — पाचपाखाडी

उत्तर : पाण्यातली हवा आणि क्षार चहूबाजूंनी गोठताना मध्ये अडकतात म्हणून. छोट्या मशीनकडून काचेसारखा बर्फ होणार नाही, पाणी उकळून घातलं तरी थोडाच फरक पडतो. पाहुण्यांपुरता हवा असेल तर थर्माकोलच्या छोट्या डब्यात, झाकण न लावता, पाण्याने भरलेलं भांडं बसवून फ्रीजरमध्ये ठेवा. वरूनच गोठत जातं, सगळं गोठायच्या आधी काढून खालचा पांढरा भाग टाका, वरचा सुरीने तोडून घ्या. मशीनपेक्षा स्वस्त आणि दिसायला जास्त चांगला.

प्रश्न : घरी हळद आहे, दीडशे माणसं. मशीनवर भागेल का? की बाहेरून लादी आणू? — वर्तकनगर

उत्तर : नाही भागणार. बाहेरूनच आणा, पण खाण्याचा बर्फ असं सांगून, पाकीटबंद आणि परवान्याचा नंबर छापलेला. महाराष्ट्रात २०१८ पासून न खायच्या बर्फात निळा रंग घालायचा नियम आहे, निळसर लादी दिसली तर ती बाटल्या गार करायला, ग्लासात नाही. आणि पांढरी दिसली म्हणून खायची असेल असं धरून चालू नका, विचारा.

प्रश्न : आम्ही दोघंच आहोत, रिटायर्ड. दुपारी एकेक ग्लास कोकम सरबत, बस. मुलगा मशीन पाठवतो म्हणतोय. — सीबीडी बेलापूर

उत्तर : काका, मुलाला सांगा नको. रोज पाणी काढा, सुकवा, महिन्याला धुवा, हे सगळं दोन ग्लासांसाठी कशाला. त्याला सिलिकॉनचे दोन ट्रे पाठवायला सांगा, फक्त झाकणवाले घ्या, नाहीतर फ्रीजरमध्ये बोंबील ठेवले की सरबताला वास येतो.