केमिस्ट्री सोडू नकोस

प्रिय बाळा,

तुझा निरोप वाचला, ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे शाळेतल्या सगळ्या ग्रेडचा कागद, पाहिलं, कॉलेजच्या अर्जासाठीच्या एसेचा मसुदाही वाचला. दहावीच्या वर्षी आजीच्या आजारपणासाठी आई चार महिने भारतात, घरी तू आणि धाकटा भाऊ, आणि केमिस्ट्री ऑनर्सला, त्या वरच्या पातळीच्या वर्गात, आधी बी, मग सी प्लस. यावरून तुला कुणी नावं ठेवणार नाही, त्यामुळे धीर देण्यात मी वेळ घालवत नाही. मला राग आला तो तुझ्या शेवटच्या ओळीचा. बारावीत एपी केमिस्ट्री (शाळेतच कॉलेजच्या पातळीचा वर्ग) सोडून एखादा सोपा विषय घेते, म्हणजे जीपीए (ग्रेडची सरासरी) वर येईल, असं तू लिहिलंयस. सोडू नकोस.

आधी आकडेच मांडू. तुझी सहा सेमिस्टर, चारपैकी: ३.९, ३.९, ३.०, ३.१, ३.७, ३.७. सरासरी ३.५५. सोपे विषय घेऊन पुढच्या सेमिस्टरला ४.० आणलेस, तर होईल ३.६१. केमिस्ट्री ठेवून नेहमीसारखे ३.७ आणलेस, तर ३.५७. एपीच्या ग्रेडला मिळणारं जादा वजन मी धरलेलंही नाही. म्हणजे ०.०४ साठी तू ज्या विषयात घसरलीस त्याच विषयातून बाहेर पडणार, आणि तेही बायोकेमिस्ट्रीला जायचं म्हणत असताना!

तू कॅलिफोर्नियात आहेस, म्हणजे यूसीचे, तिथल्या सरकारी युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचे, अर्ज भरणारच. तिथे तर हा हिशेब लागूच पडत नाही. यूसीच्या जीपीएत नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून अकरावीनंतरच्या उन्हाळ्यापर्यंतचेच ग्रेड धरतात. बारावीत मिळवलेले ए त्यात येतच नाहीत. अर्जात जाते ती बारावीला घेतलेल्या विषयांची यादी. ग्रेड दिसणार नाहीत, विषय मात्र दिसतील, आणि तू विषयच हलके करायला निघालीस.

खासगी कॉलेजांचंही तसंच आहे. ट्रान्सक्रिप्टसोबत शाळेचं प्रोफाइल जातं, आणि शाळेत कोणकोणते एपी मिळतात हे बहुधा त्यात असतं. शाळेतले काउन्सेलर जो स्कूल रिपोर्ट भरतात, त्यात तुझे विषय शाळेतल्या इतर मुलांच्या तुलनेत किती अवघड होते हा थेट प्रश्न असतो. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट म्हणून एक कागद प्रसिद्ध करतात. त्यातला सी७ हा तक्ता उघड. प्रवेश देताना कशाला किती महत्त्व देतात, हे त्यात लिहिलेलं असतं, आणि विषयांचा कस ही त्यातली वेगळी ओळ आहे. तुझ्या यादीतल्या प्रत्येक कॉलेजचा तो तक्ता बघ आणि मग माझ्याशी वाद घाल.

मी पाच एपी घे म्हणत नाही. झोप घालवून काही सिद्ध करायचं नाहीये. गव्हर्नमेंटचं एपी साध्या वर्गात बदललंस तरी माझी हरकत नाही. केमिस्ट्री मात्र नाही. घरची परिस्थिती अजून तशीच असती तर मी वेगळं बोललो असतो. पण आई परत आलीये, अकरावीला तू सावरलीस, आता माघार कशासाठी?

लोक मला या बाबतीत हटवादी म्हणतात. म्हणोत. मी तुझ्याएवढा असताना इथल्याच एका शाळेत प्रीकॅल्क्युलसला बी मायनस मिळालं, तर मला कॅल्क्युलसच्या यादीतून काढून एका हलक्या वर्गात बसवलं. ‘तुझ्या भल्यासाठी’ म्हणाले. बारावीचं प्रगतिपत्रक छान दिसलं, आई-बाबा खूश झाले. त्या ग्रेडबद्दल पुढे मला कुणी कधी विचारलं नाही. कॉलेजात मात्र मेजर, म्हणजे मुख्य विषय, निवडताना मी प्रत्येक ठिकाणी आधी कॅल्क्युलस लागतं का तेवढंच बघायचो, आणि लागत असेल तर पान उलटायचो. इंजिनिअरिंगचं पान असंच उलटलं. मला तो विषय जमला नसता असं आजही कुणी म्हणू शकत नाही, कारण मला तो करूच दिला नाही. ही हळहळ अजून जात नाही, आणि म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी अवघड वर्गातून उठू देत नाही. यात माझं काही चुकतंय असं मला वाटत नाही.

आता एसे. साडेसहाशे शब्दांपैकी जवळजवळ सगळे तू त्या सी प्लसवर खर्च केलेत. ‘माझं लक्ष लागायला हवं होतं’ हे वाक्य तीन ठिकाणी आहे. माफी कसली मागतेस? कॉमन ॲपमध्ये, म्हणजे अनेक कॉलेजांच्या सामायिक अर्जात, अडचणींसाठी अडीचशे शब्दांची वेगळी जागा आहे. तिथे चार वाक्यं लिही: काय झालं, कधी झालं, घरात तुझ्यावर काय पडलं, नंतर काय बदललं. बाकीचं काउन्सेलरच्या पत्रात येऊ दे, दुसऱ्याने सांगितलेलं जास्त पटतं. यूसी मात्र अर्जासोबत शिफारसपत्र घेत नाही. तिथे आठ प्रश्नांतले चार निवडायचे असतात, त्यातला अडचणीबद्दलचा घे. मुख्य एसेत, भावाला अपूर्णांक शिकवण्यासाठी तू मोजायचे कप ओट्यावर मांडायचीस ते लिही. मसुद्यात त्यावर एकच ओळ आहे, आणि पूर्ण एसेत तीच जिवंत आहे.

अर्ली डिसिजनचा, म्हणजे लवकर अर्ज करून प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं बंधन घेण्याचा, विचारही सोड. १ नोव्हेंबरला अर्ज गेला तर त्यांच्या हाती मुख्यतः अकरावीपर्यंतचंच पडेल. नंतरच्या रेग्युलर फेरीला मिडइयर रिपोर्टमधून बारावीच्या पहिल्या सेमिस्टरचे ग्रेड जातात, आणि एपी केमिस्ट्रीतला बी प्लससुद्धा त्या सी प्लसला जे उत्तर देईल, ते तुझा कुठलाही परिच्छेद देऊ शकणार नाही. ए आला तर उत्तमच.

सोमवारी काउन्सेलरना भेट. त्यांच्याकडे शेकडो मुलं असतात, तुझं घर त्यांना ठाऊक असेल असं धरू नकोस. आई कधी गेली, कधी आली, त्या तारखा एका कागदावर लिहून दे. आणि विषय बदलण्याचा फॉर्म आधीच देऊन बसली असशील, तर त्याच भेटीत तो परत माग.

तुझा,
काका