वॉटर्लूच्या मेलखालच्या त्या ओळी

तू विचारलंस, की कॅनडातल्या वॉटर्लूच्या कंपनीच्या प्रत्येक मेलखाली ‘आम्ही हॉल्डिमंड ट्रॅक्टवर आहोत’ असं, म्हणजे ही जमीन मुळात कुणाची ते, का लिहितात, आणि आपण तर स्वतःच इंग्रजांच्या राज्यातून सुटलेले, मग आपला काय संबंध?

संबंध जमिनीचा. गावाकडे प्लॉट घेताना सातबारा काढतोस ना, तसा इथलाही बघून घे. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात मोहॉक आणि त्यांचे सोबती, म्हणजे ‘सिक्स नेशन्स’ या सहा मूळनिवासी राष्ट्रांच्या संघातले लोक, इंग्रजांच्या बाजूने लढले आणि घरदार गमावून बसले. भरपाई म्हणून गव्हर्नर हॉल्डिमंडने १७८४ साली ग्रँड नदीच्या दोन्ही काठांवर सहा-सहा मैलांचा पट्टा त्यांच्या नावे केला. किचनर, वॉटर्लू, ब्रँटफर्ड सगळं त्यातच. आज सिक्स नेशन्सकडे त्यातली पाच टक्केसुद्धा जमीन उरलेली नाही. तिचे आणि तिच्या पैशांचे हिशेब द्या, म्हणून त्यांनी १९९५ मध्ये केंद्र आणि प्रांत सरकारांवर दावा लावला. २००६ मध्ये तर कॅलेडोनियात नव्या घरांच्या साइटवर ठाण मांडून बांधकामच थांबवलं. घर घेण्याआधी हे वाच. एजंट आपणहून सांगेल असं नाही.

माझं विचारशील, तर मीटिंगच्या सुरुवातीला त्या ओळी घडाघडा वाचून कुणाचं काही भलं होत नाही. वॉटर्लूपासून गाडीने साधारण तासाभरावर सिक्स नेशन्सच्या वस्तीत अजून कितीतरी घरांत नळ नाही, टाक्या टँकरने भरून घेतात. निवडणुकीत उमेदवार दारात आला की त्याला हे विचारता येतं. मतदानाचा हक्क नागरिकत्वाबरोबर मिळेल, पण प्रश्न आधीही विचारता येतो. आणि २०२१ पासून नागरिकत्वाच्या शपथेतच मूळनिवासींच्या करारांचे हक्क आले आहेत, म्हणजे तूही एक दिवस ते म्हणणारच.

आल्यावर ब्रँटफर्डची मोहॉक इन्स्टिट्यूट बघ. आईबापांपासून तोडलेल्या मूळनिवासी मुलांची ही निवासी शाळा १९७० पर्यंत चालू होती. जुलैत सिक्स नेशन्सच्या ओश्वेकन गावात पॉववॉव, म्हणजे त्यांचा नाचगाण्यांचा मेळा असतो, तिथे सहकुटुंब जा, खा, त्यांच्या स्टॉलवरून खरेदी कर. नाचणाऱ्यांचे फोटो मात्र विचारून काढ, आणि त्यांच्या पोशाखावरच्या पिसांना हात लावू नकोस. ३० सप्टेंबरला अशा शाळांतल्या मुलांच्या आठवणीत घालतात तो नारिंगी टी-शर्ट घेताना पैसे कुणाकडे जातात ते तपास.

इथल्या आपल्या मराठी मंडळांतही हल्ली गणपतीच्या कार्यक्रमाआधी त्या ओळी वाचतात. तू कमिटीत गेलास, तर सिक्स नेशन्सचा एखादा वक्ता बोलवायला सांग, आणि मानधन ढोलपथकाइतकंच द्या म्हणावं.