घसा पहिल्या दिवसापासून दुखत होता, मग मुदतही तेव्हापासूनच मोजणार

ताई, तुम्ही लिहिलंय की पित्ताशयाच्या ऑपरेशनला २२ महिने झाले, भूल देताना श्वासनलिकेत साडेसात नंबरची नळी घातली असं तिथल्या नर्सने सांगितलं, घसा पहिल्या दिवसापासून दुखत होता आणि आवाज अजून घोगरा आहे, दोन तासिका झाल्या की बसतोच. ५ महिन्यांपूर्वी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बिणीतून बघितलं तर स्वरयंत्रावर गाठ निघाली. आणि विचारताय, ग्राहक आयोगात तक्रार करायची दोन वर्षांची मुदत गाठ सापडल्यापासून मोजायची ना?

नाही. किमान त्या भरवशावर तरी राहू नका. असं विचारणारे दर महिन्याला दोन-तीन जण असतात आणि सगळे इथेच फसतात.

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम ६९ सांगतं की तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत तक्रार दाखल झाली पाहिजे. सगळी मारामारी आहे ती 'कारण कधी घडलं' यावर. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा एक निकाल आहे, त्यातही पित्ताशयाचंच ऑपरेशन, पोटात गॉज (रक्त टिपायचा जाळीदार कापडाचा तुकडा) राहिला, तो सापडला जवळजवळ ९ वर्षांनी. कोर्ट म्हणालं, इजा खरंच लपलेली असेल तर ती कळल्यापासून मुदत धरू, पण या बाईंना एवढी वर्षं दुखत होतं, त्या स्वतः नर्स होत्या, वेळेत तपासून घ्यायला हवं होतं. तक्रार मुदतबाह्य ठरली. आता तुमचं 'पहिल्या दिवसापासून' हे वाक्य परत वाचा. नळीमुळेच झालं हे ठसवायला तुम्ही ते लिहिलंत, पण समोरचा वकील तेच वाक्य उचलून म्हणेल की त्रास तेव्हाच कळला होता, मुदत तेव्हापासून. म्हणजे हातात दोनच महिने आहेत असं धरून चाला.

मला राग येतो तो याचा की २२ महिने तुम्ही हॉस्पिटलशी फोनवर बोलत राहिलात, 'होईल बरं' ऐकत राहिलात, एक ओळ लेखी दिली नाहीत. आता नोटीस पाठवून उत्तराची वाट बघायची म्हणताय, तर नोटिशीने मुदत एक दिवसही वाढत नाही आणि ग्राहक आयोगात जायला ती सक्तीचीही नाही. विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण तो मंजूर होईलच असं कुणी सांगू शकत नाही. कायद्यात निकालासाठी ३ महिने लिहिलेत, तपासणी लागली तर ५, प्रत्यक्षात वर्षं जातात, आणि उशीर झाला म्हणून बाहेर काढतात ते पेशंटलाच. चीड येते, पण आज तरी हे असंच आहे.

नळीच्या नंबराबद्दल (नंबर मोठा तितकी नळी जाड) मी जपूनच बोलेन. बायकांमध्ये ६ ची नळी ७ पेक्षा घशाला कमी त्रास देते असं अभ्यासात दिसलंय हे खरं, पण साडेसातचीही वापरतात, आणि डॉक्टरांमध्ये मान्य असलेली पद्धत निवडली म्हणून निष्काळजीपणा होत नाही, २००५ पासून सुप्रीम कोर्टाची भूमिका हीच आहे. नुसत्या नंबरावर केस उभी राहणं अवघड. नळी किती प्रयत्नांत बसली, नळीच्या फुग्यातला दाब मोजला का (२० ते ३० सेंटिमीटर पाणी इतका ठेवतात), तुम्ही त्रास सांगितल्यावर कुणी घसा तपासला का, यात जास्त दम असू शकतो. संमतीपत्रावर 'आवाज बसू शकतो' छापलेलं असेलच, त्याने माहीत असलेला धोका झाकला जातो, हलगर्जीपणा नाही.

हे सगळं डिस्चार्ज कार्डावर सापडणार नाही, भुलेच्या चार्टवर सापडेल. दर ५ मिनिटांचे नाडी-बीपीचे ठिपके असलेला तो कागद, कोपऱ्यात घाईत लिहिलेलं असतं: ईटीटी (म्हणजे श्वासनलिकेतली नळी) ७.५, ओठाशी २१ (ओठापासून किती सेंटिमीटर आत), अटेम्प्ट (प्रयत्न) अमुक. नर्सच्या तोंडच्या शब्दापेक्षा ती ओळ हवी. उद्याच लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रेकॉर्ड ७२ तासांत द्यावं लागतं आणि ३ वर्षं जपावंही लागतं, तेव्हा 'आता नाहीये' हे उत्तर चालवून घेऊ नका. दुर्बिणीचा रिपोर्ट आणि शाळेतल्या रजांचे कागद एकत्र ठेवा. आणि चार्ट हातात आला नाही तरी थांबू नका, तक्रार दाखल करा, तो आयोगामार्फत मागवता येतो.